मर्व्ह पेन्हॉलचे हात

समुद्रकाठच्या आमच्या वॉलारू गावच्या जेटीवरून मर्व्ह पेन्हॉल शाळा सोडल्यापासून म्हातारा होईपर्यंत मासे धरायला जात होता. त्याने जाळं कधी वापरलं नाही. हातात दोरी, दोरीला शिसं आणि गळ, एवढ्यावर त्याने घर बांधलं. त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोरीने पाडलेली खाच आहे. तिच्यात पेन्सिल आडवी बसते. बोलण्यात तो कंजूष, पण होडीत कुणाच्या हातातली दोरी जरा सैल झाली की ओरडायचा, "ढील पडली की मासा गेला!" जेटीवर ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं.

माझं घर त्याच्या कुंपणाला लागून. त्याची बायको व्हर्ना आणि मी कॅथलिक कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. तिने दुसऱ्या पंथाच्या, मेथॉडिस्ट कोळ्याशी लग्न ठरवलं तेव्हा सिस्टर इग्नेशियसने तिच्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना धरली. प्रार्थना फळली असंच म्हणायला हवं, कारण संसार चांगला झाला. सुरुवातीची काही वर्षं व्हर्ना त्याच्याबरोबर होडीतही जात असे. मुलं झाल्यावर ते सुटलं.

व्हर्नाला आयुष्यभर कुत्रा हवा होता. "आमिष आणि कुत्रा एका घरात नांदत नाहीत," असं मर्व्ह म्हणे आणि विषय संपे. मग गेल्या उन्हाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं आणि तिला टेकडीवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. मर्व्हने होडी विकली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो पोर्ट पिरीहून मेंढ्या राखणाऱ्या केल्पी जातीची एक तांबूस कुत्री घेऊन आला. कुणीतरी टाकून दिलेली, कानाचा एक कोपरा फाटलेला, अंगात वारा भरलेली.

"ही कुणासाठी?" मी कुंपणावरून विचारलं.

"तिच्यासाठी."

"जन्मभर मागत होती बिचारी. आता सुचलं तुला?"

"आता होडी नाही," तो म्हणाला आणि कुत्री त्याला फाटकातून ओढत घेऊन गेली.

व्हर्नाने तिचं नाव मिट्झी ठेवलं. भेटी आश्रमाच्या हिरवळीवर होत. पण आमच्या दक्षिण गोलार्धातला, जूनमध्ये सुरू होणारा हिवाळा तोंडावर आला होता. खाडीवरचा वारा लागला की व्हर्नाला खोकला येई आणि एकदा गारठा सुरू झाला की तिला थेट सप्टेंबरपर्यंत बाहेर काढणार नव्हते. कुत्रीने खोलीत जायचं तर आश्रम चालवणाऱ्या ग्लेनिसबाईंची परवानगी हवी होती. बाई कडक, पण सरळ. आदल्या वर्षी कुणा पाहुण्याच्या कुत्र्याने हिसका दिला आणि वॉकर घेऊन चाललेली एक म्हातारी पडली होती.

"कुत्री आणा, मर्व्ह," त्या म्हणाल्या, "पण आतल्या लांब बोळातून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी सैल ठेवून चालली पाहिजे. ओढलं तर दारातूनच परत."

मर्व्ह रोज सकाळी तिला समुद्राकाठी न्यायला लागला. कुत्री पुढे, जीभ बाहेर, घशातून घरघर. मर्व्ह मागे टाचा रोवून, अंग मागे टाकून. जेटीवरचे जुने सोबती रेलिंगला टेकून बघत.

"केवढा लागलाय रे, मर्व्ह?"

"जपून घे वर! दोरी तुटेल!"

तो खिशातले कलेजीचे तुकडे चारायचा, दटावायचा, दुसरा पट्टा आणून बघायचा. कशाचा उपयोग नाही. पहिल्या परीक्षेत मिट्झीने त्याला दारातून थेट चहाच्या गाडीवर नेलं. दोन कप फुटले.

"पुढच्या महिन्यात आणखी एकदा बघू," ग्लेनिसबाई तुकडे गोळा करत म्हणाल्या. "त्यानंतर मात्र नाही हं."

व्हर्नाला घेऊन मर्व्ह आणि मी हिरवळीवर येऊन बसलो. मर्व्ह खाली मान घालून होता. व्हर्ना त्याच्याकडे बघत होती आणि अचानक तिला हसू फुटलं.

"मर्व्ह. ती मासा नाही."

"म्हणजे?"

"हात बघ."

आम्ही दोघांनी बघितलं. मिट्झी त्याच्या बुटांवर डोकं ठेवून झोपली होती. ओढायला कुणी नव्हतं, तरी दोरी ताठ होती. तिचा एक वेढा त्या खाचेत बसला होता आणि बोटं आपोआप उरलेली ढील गोळा करत होती.

"ती ओढते, तू ओढतोस," व्हर्ना एकेक शब्द जुळवत म्हणाली. "ती थांबते. तरी तू ओढतोस. मग ती तरी काय करणार?"

"आयुष्यभराची सवय आहे, बाई."

"ठाऊक आहे. मी ओरडा खाल्लाय तुझा."

कळलं, पण बोटांना कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी त्याने मूठ उघडी ठेवून बघितली. दहा पावलांत वेढा पुन्हा बसला. शेवटी त्याने दोरी कमरेच्या पट्ट्याला बांधली आणि दोन्ही हात खिशात घातले. कुत्रीने ओढलं की हा खांबासारखा उभा. ती वैतागायची, भुंकायची, मग मागे वळून बघायची. ती एक पाऊल मागे आली, दोरी लोंबली, की हा चालायला लागे. पहिल्या दिवशी तो पोस्टापर्यंत पोचला तोवर बेकरीतल्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी संपून गेल्या होत्या.

"पाकीट सांभाळतोय म्हातारा!" जेटीवरून आवाज आला.

"मर्व्ह, पुतळा करून घेतोयस का नगरपालिकेकडून?"

त्याने मान वळवली नाही. हळूहळू उभं राहणं कमी झालं आणि चालणं वाढलं. महिना संपत आला तेव्हा कुत्री त्याच्या गुडघ्याशी चालू लागली होती.

परीक्षेच्या दिवशी दक्षिणेचा बोचरा वारा होता. बोळाच्या दुसऱ्या टोकाला व्हर्ना चाकांच्या खुर्चीत बसली होती. मी तिच्याशेजारी होते. मर्व्ह हात खिशात घालून आत आला. दोन वॉकर गेले, मिट्झी सरळ. मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि गरम पेस्टींचा वास आला. कुत्री झेपावली. दोरी ताठ झाली. मर्व्हचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

ग्लेनिसबाई बघत होत्या. व्हर्नाने आपला चांगला, डावा हात उचलला आणि सावकाश स्वेटरच्या खिशात घातला.

मर्व्हने ते पाहिलं. त्याचा हात परत खिशात गेला आणि तो उभा राहिला. स्वयंपाकघराचं दार मिटलं. मिट्झीने मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि ती एक पाऊल मागे आली. दोरी जमिनीकडे लोंबली. मग दोघं शेवटपर्यंत चालत आले.

"मंगळवार आणि शुक्रवार, दुपारच्या चहानंतर," ग्लेनिसबाई म्हणाल्या.

"रोज," व्हर्ना म्हणाली.

बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा कुत्रीकडे बघितलं. "बरं. रोज."

खोलीत गेल्यावर मर्व्हने पट्ट्यावरची गाठ सोडली आणि दोरी व्हर्नाच्या हातात दिली. तिने ती खुर्चीच्या हाताला अडकवली, पुढे वाकली आणि म्हणाली, "चल गं मिट्झी. ने मला जेटीवर."

मिट्झीने तिच्याकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि खुर्चीच्या चाकाशी बैठक मारली.

"बिघडवलीस की रे माझी कुत्री," व्हर्ना म्हणाली. मर्व्ह पलंगाच्या कडेवर बसला. हात त्याचे पुन्हा खिशात गेले होते.