विहिरीला लागलेला रंग

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात आमचे नळ असून नसल्यासारखे होते. वस्तीशेजारच्या ओढ्याच्या वाळूत बायका झिरे खणायच्या आणि वाटीवाटीनं हंडा भरायच्या. ओढ्याच्या वरच्या अंगाला माझ्या वडिलांचा रंगखाना. त्यांना आम्ही नायना म्हणायचो. चादरीचं सूत रंगवून उरलेलं पाणी तोवर ओढ्यातच जायचं. सगळी वस्तीच मागावर जगणारी, हरकत कोण घेणार?

नायनांनी आपण होऊन ते बंद केलं. रंगखान्यामागं एक जुना आड होता, पार कोरडा. रंगाचं पाणी त्यात ओतायचं ठरलं. "मन लई मोठं हाय की रंगाऱ्याचं," शेजारची म्हातारी म्हणाली. बादल्या वाहून नायनांचे खांदे भरून यायचे, पण त्या उन्हाळ्यात ते खुशीत असायचे. चांगुलपणाची नशा दारूपेक्षा वाईट, लवकर उतरत नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, रंगखान्याखालच्या वस्तीच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं. माझी थोरली बहीण, अक्का, वस्तीतच दिलेली, बाळंतपणाला आली होती. आम्हा तेलुगू विणकरांत बाळंतीण विहिरीला हळदकुंकू वाहते आणि स्वतःच्या हातानं पहिला पोहरा शेंदते. अक्कानं पोहरा वर ओढला. पाणी तांबूस होतं. वाटलं, कुंकू पडलं असेल. दुसरा पोहराही तसाच.

"आडात होतं ते पोहऱ्यात आलं," म्हातारी पुटपुटली. आड भरला तसा तळाचा रंग मुरमातून झिरपत विहिरीत उतरला होता. भांडलं कुणीच नाही. बायका रिकामे हंडे घेऊन परतल्या. मला त्या गप्प बसण्याचीच भीती वाटली, आजही वाटते.

नायनांनी आडातला गाळ काढला, विहीर पुन्हापुन्हा उपसली, रंगाचं पाणी लांबच्या माळावर नेऊन वाळवू लागले. हळूहळू पाणी नितळलं, लोक पिऊ लागले. नायनांना मात्र ते लालच दिसायचं. भर दुपारी काठावर उभे राहून आत बघत राहायचे, हाक मारली तरी यायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा. मग मीही वाकून बघायचो आणि क्षणभर मलाही ते लाल दिसायचं.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शेवटच्या दिवशी अक्कानं मुद्दाम त्याच विहिरीचं पाणी आणलं. आपल्या मनात काही नाही, हे तिला त्यांना कळवायचं होतं. बाळ तर ते पाणी पीतच मोठं झालं होतं, शाळेत जाऊ लागलं होतं.

"चांगलं हाय, नायना. मी पिऊन आले," म्हणत तिनं चमचा त्यांच्या ओठांना लावला.

त्यांनी तोंड फिरवलं.

"बाळाला पाजू नको," म्हणाले.