हयात मालक

रंगभूमीची जी काही थोडीफार सेवा माझ्या हातून घडली, तिच्यातला सर्वांत यशस्वी प्रयोग बसवनगुडीतल्या एका ओसरीवर झाला. प्रेक्षक एकच होता, आणि तोही कंदायाचा इन्स्पेक्टर. कंदाय म्हणजे घरपट्टी. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण कर म्हटलं की तोंडात कन्नड शब्दच येतो.

ओसरी माझ्या मावशीची. तीन खोल्यांचं कौलारू घर, मागे एक नारळ. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अकरा वर्षांपूर्वी गेले होते. मूलबाळ नव्हतं. संडगे-पापड विकून ती जगत होती. तशात आजूबाजूला बंगले उठले आणि त्यांच्यामुळे तिच्या घराचीही कागदावरची किंमत वाढली. घर तेच, गळणारी कौलंही तीच, पट्टी मात्र दुप्पट. दोन वर्षं थकली आणि जप्तीची नोटीस आली.

त्याच सुमारास एक सवलत निघाली. मालक साठीच्या पुढचा, मिळकत तुटपुंजी, स्वतः त्याच घरात राहणारा असेल, तर पट्टीचा मोठा भाग माफ. सगळं मावशीला चपखल बसत होतं. फक्त ती मालक नव्हती. घरपट्टीच्या खात्यावर अजून काकांचंच नाव होतं. जागा काकांनी थोरल्या भावाच्या भागीत घेतलेली. नाव बदलायला त्या दिरांची सही लागे, आणि दीर सही द्यायच्या ऐवजी घरच मागत. म्हणून मावशीने काका गेल्याचं कचेरीत कधी कळवलंच नाही. दरवर्षी खिडकीवर पैसे भरायची आणि काकांच्या नावाची पावती घरी आणून त्यांच्या तसबिरीमागे खोचायची.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. बँकेत कारकून, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत कायमचा म्हातारा.

"काका असते तर आज त्रेसष्ट वर्षांचे असते," मी म्हणालो.

"असते तर."

"कचेरीच्या हिशेबी आहेतच की. फक्त खुर्चीत बसलेले दिसायला हवेत."

"तुझ्या आईला कळलं तर ती तुला घरात घेणार नाही," मावशी म्हणाली. मग हलक्या आवाजात, "त्यांचा कोट पेटीत आहे. कसर लागलीय थोडी."

तयारी मी जीव ओतून केली. केसांना पांढरं झिंक, स्पिरिट गमने चिकटवलेली पांढरी मिशी, काकांचा कोट, गुडघ्यांवर शाल. हार घातलेली तसबीर भिंतीवरून उतरवली. मागे पांढरा चौकोन उरला, त्यावर कॅलेंडर टांगलं. खोकल्याचे तीन प्रकार बसवले. दिग्दर्शक म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

इन्स्पेक्टरने सायकल नारळाला टेकवली, तेव्हा मावशी कॉफी घेऊन बाहेर आली. मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा खोकला खराच निघाला. तिचं कपाळ मोकळं होतं. नवरा ओसरीवर जिवंत बसलेला, आणि बायकोच्या कपाळाला कुंकू नाही. मी सगळ्याचा विचार केला होता, तिचा सोडून.

मी घाम पुसल्याचं निमित्त करून कपाळाला बोट लावलं. ती थबकली. तिला कळलं. पेले तसेच खाली ठेवून ती आत गेली. घरात कुंकू देवीच्या करंड्यातलं तेवढं. इन्स्पेक्टर चपला काढून वर आला, मी थरथरत्या आवाजात त्याला बसवलं, पावसापाण्याचं विचारलं, आणि माझे कान आत लागले होते.

ती आली. डोक्यावरून पदर, आणि कपाळावर ठसठशीत गोल कुंकू. मी तिला तशी लहानपणी पाहिली होती.

बोलणं अर्थात कन्नडमध्ये चाललं. प्रकृती, मिळकत, भाडेकरू आहेत का. मी रंगात आलो होतो. कॉफीचा घोट घेतला आणि पदरचं वाक्य टाकलं, "हिची कॉफी नेहमीच पातळ."

इन्स्पेक्टर हसला. मावशी हसली नाही. माझ्याकडे, म्हणजे कोटाकडे, बघत म्हणाली, "इतकी वर्षं कधी बोलला नाहीत ते."

"सरी यजमानरे," म्हणजे ठीक आहे मालक, असं इन्स्पेक्टर म्हणाला, आणि त्याने कागदावर लिहिलं, मालक हयात.

तो गेल्यावर मी टाळी मागायला आत धावलो. मावशी देवापाशी पाठमोरी बसली होती. करंड्याच्या झाकणाला आतून आरसा होता, तो तिने समोर धरला होता, आणि ओल्या पदराने ती कपाळ पुसत होती.

"मागच्या वेळी जावेने पुसलं होतं," ती वळून न बघता म्हणाली. "मी डोळे मिटून घेतले होते."

मिशी माझ्या हातात होती. ती कुठे ठेवावी हे मला सुचेना.

सवलत मिळाली. जप्ती टळली. आणि वर्षभराने कागद आला, मालक हयात असल्याची फेरतपासणी होणार. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. या खेपेला काकांना अर्धांगवायू झालेला दाखवायचा, असं ठरवून मी सकाळीच पोचलो. मावशी धुतलेलं लुगडं नेसून फाटकात उभी होती.

"कुठे?"

"कचेरीत. यायचं तर ये."

"मावशी, घर जाईल."

"जाईल," ती म्हणाली आणि चालू लागली.

कचेरीत तोच इन्स्पेक्टर होता. मावशी मोकळ्या कपाळाने त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आमचे यजमान गेले."

तो उठून उभा राहिला. "कधी, अम्मा?"

"बारा वर्षं झाली."

त्याने लेखणी खाली ठेवली. "मी गेल्या वर्षी त्यांच्याबरोबर कॉफी प्यायलोय."

"तो हा. माझा भाचा. नाटकात काम करतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. "तुमची मिशी डावीकडून सुटत होती," तो म्हणाला. "मला शंका आली होती."

"मग लिहिलंत कसं?" मी विचारलं. माझ्यातल्या नटाला तेवढ्यातही दाद हवी होती.

"अम्मांचं कुंकू बघितलं. मिशी कोणीही खोटी लावेल."

त्याने वही ओढली आणि नाव खोडलं. सवलत रद्द झाली. बुडवलेली पट्टी दंडासकट भरायची होती, पण पोलिसांत कळवायचं त्याने टाळलं, हे त्याचे उपकार. खात्यावर नाव कोणाचं, हा प्रश्न आता उघडा पडला. महिन्याभरात दीर मोजणीची टेप घेऊन आले. घर विकलं गेलं. दंड आणि दिरांचा वाटा वजा जाऊन जे उरलं, त्यात शहरात कुठे खोलीही मिळाली नसती.

मावशी आमच्याकडे, मागच्या खोलीत राहायला आली. चार वर्षं राहिली. माझ्यावर एकदाही रागावली नाही. सकाळची कॉफी मात्र तीच करायची. पेला माझ्यासमोर ठेवून उभी राहायची आणि विचारायची, "पातळ नाही ना?"

मी नाही म्हणायचो. ती मान हलवून आत जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.