चहाला आलेला वास

माझ्या सासरची विहीर आठवली की आजही मी पाण्याचा पेला आधी हुंगून बघते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी सानगडीकडच्या त्या घरात सून म्हणून आले आणि पहिल्या दिवसापासून सासऱ्यांच्या तोंडून तिचं कौतुक ऐकलं. पाणी गोड होतं, हे खरं. पण विहिरीला लागूनच, वरच्या अंगाला, शेणखताचा खड्डा होता. बैलांचं शेण, मूत, लहान पोरांची घाण, सगळं त्यात. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, खत न्यायला बैलबंडी तिथून सोपी पडे, म्हणून तो तिथंच.

पाण्याच्या गुंडातून, म्हणजे पितळी घागरीतून, हात फिरवला की शेंबडासारखा बुळबुळीत थर लागे. राखेनं घासून काढावा, तर दोन दिवसांत पुन्हा हजर. दोराला तोच, विहिरीच्या दगडांना तोच. शी! आणि तेच पाणी माझी लहानगी लेक पीत होती. पावसाळा लागला की तिला जुलाब होत, डोळे खोल जात. यंदा ही वाचते की नाही, या धास्तीनं मी अर्धी झाले होते.

नर्सबाई लेकीला बघायला आली. गुंडात बोट फिरवून म्हणाली, "हे जंतूंचं घर आहे. मातीच्या कणांनाही ते असेच चिकटून बसतात. पाऊस मुरला की सुटतात नि खालच्या खाली विहिरीत येतात. खड्डा हलवा."

सासरे हसले. "माती पानी गाळते, बाई. आमचे बुढे हेच पानी पेऊन नव्वदीले गेले. पोरीले नजर लागली हाय."

मी लेकीपुरतं पाणी उकळू लागले, तर सरपण जळतं म्हणून बोलणी.

श्रावणात खड्ड्यात अळ्या वळवळू लागल्या. सासऱ्यांनी त्यावर डबाभर रॉकेल ओतलं. मग पावसाची झड लागली. ती उघडली त्या सकाळी त्यांनी चहाचा घोट घेतला आणि थुंकले.

"चाहात मातीतेल काहून टाकलं?"

मी गुंड उचलून त्यांच्या नाकाशी धरला. ते विहिरीवर गेले, बादली ओढली, हुंगली आणि तिथंच ओकले. इतकी वर्षं शेण प्यायले तेव्हा नाही आली ओकारी!

दुसऱ्याच दिवशी माणसं लावून विहीर उपसली, खड्डा पार शेताकडे नेला. लेक वाचली. सासरे मरेपर्यंत पाहुण्यांना सांगत, "नातीसाठी खड्डा हलवला मी." मी पाहुण्यांपुढे चहा ठेवत असे. खड्डा चहासाठी हलला होता.