टेबल कापायचं नाही

समजा, तुमच्याकडे एक छोटं गॅरेज आहे. दोन गाड्या मावतात, असं बांधणाऱ्याचं म्हणणं. तर त्यात दोन गाड्या उभ्या करा. मग भिंतीला लागून पुरुषभर लांबीचं कामाचं टेबल लावा, त्यापुढे स्टूल ठेवा आणि बसून दाखवा. गुडघे कुठे जातात बघा.

गल्लीतल्या टाचकाकांचे गुडघे गेला आठवडाभर याच कोड्यात अडकले होते. बुटांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीचं काम सुरू केलं. झिजलेली टाच बदलण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून हे नाव. इतकी वर्षं आत एकच जुनी गाडी, आणि शेजारी काका ऐसपैस. पण आता लेकीची इथल्या इस्पितळात बदली झाली होती. नर्सबाई गाडीसकट घरी राहायला आल्या होत्या, आणि गल्लीत गाडी ठेवली की वाहतूक पोलीस ती उचलून नेत. लेक आल्याचा आनंद काकांच्या पोटात मावत नव्हता, आणि तिची गाडी गॅरेजमध्ये.

"टेबल अर्धं कापून टाका," काकूंनी निकाल दिला. "उद्या सुतार येतोच आहे खिडकी बसवायला. त्यालाच सांगते."

"अर्ध्या टेबलावर काय बाहुलीचे बूट शिवू?"

"इतक्या वर्षांत मला कधी एवढं जपलं नाहीत, जेवढं त्या लाकडाला जपताय."

"ते लाकूड उलटून बोलत नाही."

बोलायला बोलले, पण काकांच्या हातात एकच दिवस होता. याच टेबलावर ते दिवसभर वाकलेले असत. त्यांनी कंबर कसली. जमिनीवरच्या पेट्यांमधले पायांच्या आकाराचे लाकडी साचे भिंतीवरच्या खुंट्यांना लटकले. चामड्याच्या गुंडाळ्या छताखालच्या पाइपांवर चढल्या. शिडी भिंतीवर आडवी झाली, खिळ्यांचे डबे टेबलाखाली गेले. मग आयुष्यभराची सवय कामाला आली. चामड्याला कात्री लावण्याआधी कागद कापून बघायचा. काकांनी वर्तमानपत्रं चिकटवून दोन्ही गाड्यांच्या मापाचे कागद कापले आणि जमिनीवर अंथरले. दोन कागद, टेबल, स्टूल. काका मुळात काडीसारखे, बसायला दीड वीत जागा पुरे. सगळं चपखल बसलं.

"या बघायला!" त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

जुनी गाडी तिच्या कागदावर उभी राहिली, आणि टेबलाच्या बाजूला लेकीनं आपली गाडी हळूच आत घेतली. अगदी कागदावर कागद ठेवावा तशी बसली. इंजिन बंद झालं. पण लेक काही बाहेर येईना. तिच्या बाजूचं दार दीड वीत उघडलं आणि टेबलाला टेकलं. तिनं काच खाली केली.

"बाबा, गाडी तर आली. मी आता इथंच राहू का? डबा पाठवाल ना?"

काकू हसता हसता पायरीवर बसल्या. "अहो, बुटाला दार नसतं. गाडीला असतं!"

लेकीनं गाडी परत बाहेर काढली. काका स्टुलावर टेकले. एका गिऱ्हाइकाचे बूट तयार होते, ते खोक्यात भरू लागले. लेक जवळ येऊन उभी राहिली.

"एक बूट उलटा का ठेवता?"

"नाहीतर झाकण बसत नाही. एकाचं रुंद पाऊल येतं तिथं दुसऱ्याची टाच आली, की..."

काकांचा हात झाकणावरच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पोरी, किल्ली कुठंय?"

या वेळी लेकीनं गाडी मागं मागं आत आणली. जुन्या गाडीचं नाक आत, हिचं नाक बाहेर. त्यामुळे चालवणाऱ्याच्या बाजूची दोन्ही दारं आता दोन गाड्यांमधल्या एकाच पट्टीत उघडू लागली. दोघांनी एकदम मात्र उतरायचं नाही! लेक आरामात उतरली, आणि टेबलाकडे काकांची दीड वीत शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुतार करवत घेऊन आला. काकू म्हणाल्या, "करवत राहू दे. खिडकी झाली की आणखी चार खुंट्या ठोक."

सोमवारी सकाळी लेक सरळ समोर बघत गाडी घेऊन कामावर गेली. काकांनी नवं खोकं पुढं ओढलं, एक बूट सुलटा ठेवला, एक उलटा, आणि बघतच बसले. ही युक्ती कारखान्यात त्यांना कोणीतरी दाखवली होती, त्याला आणखी कोणीतरी. पण सगळ्यात पहिल्यांदा ज्याला सुचली, त्याच्याही घरी तेव्हा कोणी राहायला आलं होतं का?