वळणावरचे दोन हॉर्न

माझ्या शेजारणीला बसमधले सगळे 'साडेपाच' म्हणतात, कारण पहाटे साडेपाचची गाडी तिने दहा वर्षांत कधी चुकवली नाही. शहरातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालते. जायला अडीच तास, यायला अडीच तास. आमच्याकडची कौलांची भट्टी बंद पडली, तेव्हापासून इथे कामच नाही.

"तिकडेच खोली घे की. बसच्या सीटला तुझा आकार आलाय," मी म्हणायचे.

"आणि आईला कुठे ठेवू, डब्यात?"

आईला दिसत नव्हतं. एकदा आठ दिवस शहरात नेलं, तर म्हातारी खाटेवरून हललीच नाही. इथे मात्र भिंती चाचपत घरभर फिरायची, भांडी लावायची, वर मला ऐकवायची, "दोन डोळे असून तुझं दूध रोज उतू जातं कसं गं?"

लेक आल्याचं तिला कळावं म्हणून ड्रायव्हरकाका संध्याकाळी वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचे. तो ऐकला की ती तीन पायऱ्या उतरून फाटकाची कडी काढून उभी राहायची.

त्या दिवशी धुलाईघरातलं यंत्र बिघडलं आणि काम तुंबलं. दुपारीच 'साडेपाच'चा मला फोन आला, "मी पुढच्या गाडीने येते. आईला तेवढं सांग."

म्हटलं, संध्याकाळी देवाला दिवा लावते आणि जाते. दिवा लावला, मग स्तोत्रही म्हणायला बसले. मध्येच हॉर्न वाजला, दोनदा. वाटलं, हिला हीच गाडी मिळाली वाटतं. मी स्तोत्र पुरं केलं.

काका नंतर रडत म्हणाले, "हात सवयीने गेला हो."

आईने कडी काढली. लेक येईना, म्हणून हाका मारत पुढे निघाली. फाटकापलीकडचा रस्ता तिच्या हातांना माहीत नव्हता. कडेच्या चरात सापडली.

जीपमध्ये घालून शहराकडे नेलं. लेकीचा फोन लागेना; ती गावाकडे येणाऱ्या गाडीत होती. वाटेत कुठेतरी दोघी एकमेकींच्या शेजारून गेल्या असतील. इस्पितळ यायच्या आतच आई गेली.

आता तरी खोली घे, असं सगळे म्हणतात. ती म्हणते, "खोलीत कोण आहे? गाडीत माणसं तरी असतात."

काकांनी हॉर्न बंद केला होता. तिनेच सांगितलं, "वाजवा काका. नाहीतर घर आलं हे मला कळत नाही."

हॉर्न झाला की मी देवापुढून उठते आणि तिच्या फाटकाची कडी काढते.

"अगं, दिवा अर्धा टाकून कशाला धावतेस रोज?" ती विचारते.

तिला वाटतं, निरोप मिळूनही आई हॉर्नला भुलली. तो दुपारपासून माझ्यापाशीच पडून होता, हे तिला माहीत नाही. देवाला माहीत आहे.