वाळकी काडी

आमचे मामा वायरमन. चाळीस वर्षं खांबावर चढले, पण घरट्यासाठी लाइन एकदाही बंद केली नाही, हा त्यांचा तोरा. खांबावर कावळ्याचं घरटं दिसलं की पिल्लं उडेपर्यंत थांबायचे, मग वर जाऊन उघड्या हातांनी ते अलगद उचलून आणायचे. "वाळकी काडी चावत नाही, तिच्यातून करंट जात नाही," म्हणायचे. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

ते निवृत्त झाले आणि त्यांची मुलगी, आमची ताई, त्याच खात्यात लागली. घरटं कसं काढायचं हे मामांनीच तिला शिकवलं. साहेब म्हणायचे, आधी लाइन बंद करा. ताई ऐकेल तर शपथ! बाप म्हणेल ती पूर्व दिशा.

यंदा रस्ता रुंद करायला गल्लीतली सगळी झाडं तोडली. कावळे काही गेले नाहीत. मामीचे कपडे वाळत घालायचे तारेचे हँगर मात्र एकेक करून नाहीसे व्हायला लागले. तिने शेजारणीवर संशय घेतला, दोघींचं बोलणं बंद झालं.

काल सकाळी गच्चीवर टाकीमागे मामांना एक रिकामं घरटं सापडलं. वरून नेहमीसारखं, काड्यांचं.

"जड लागतंय रे," ते मला म्हणाले.

त्यांनी काड्या बाजूला केल्या. आत मामीचे हँगर, बांधकामाची तार, सायकलचे स्पोक, सगळं घट्ट विणलेलं. काड्या नावापुरत्या.

"कावळे आपल्यापेक्षा हुशार निघाले," मी हसत म्हटलं. मामा हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे उचलताना लाइनला टेकलं तर? ताई कुठाय?"

"बँकेसमोर. तिथलं घरटं काढायला गेलीय."

त्यांनी फोन लावला. ती उचलेना. आम्ही तसेच अनवाणी धावलो. पोचलो तेव्हा तिचा फोन खांबाखाली पिशवीत वाजत होता आणि ती वर, घरट्यापाशी होती.

"अगं, थांब! हात लावू नकोस!" मामा जिवाच्या आकांताने ओरडले.

तिने खाली पाहिलं नाही. वर असताना कुणीही हाक मारली तरी लक्ष हलू द्यायचं नाही, हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं. मामांनी पुन्हा हाक मारली, तोवर तिने दोन्ही हातांनी घरटं उचललं होतं.