इथं कुणी खोकत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीला नाही, डॉक्टरला नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट माहीत नाही.

लातूरला मी मुलींची खानावळ चालवते. क्लाससाठी आलेल्या पंधरा-वीस मुली दोन वेळा माझ्याकडे जेवतात, काही इथंच राहतात. सगळ्या मला काकू म्हणतात. त्यातली अश्विनी किनवटकडच्या एका गावातली. हॉस्टेलवर तिला करमेना, सारखी रडायची. तिची आई म्हणाली, तुमच्याजवळ ठेवा. मी तिला माझ्याच खोलीत झोपवायला लागले.

मला खोकला दिवाळीआधीपासून होता. फोडणीचा ठसका लागतो, असं मी म्हणायचे, आणि मुलींना ते पटायचंही. मग वजन उतरलं, ब्लाऊज ढिले झाले. थंडीत एकदा तपासायला गेले — लातुरात नाही, मुद्दाम नांदेडला. तिथं मला कोण ओळखणार? थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. सहा महिने रोज गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही. हा जेवणातून पसरत नाही, खोकल्यातून हवेत जातो. आजच सुरू करा, काही आठवड्यांत दुसऱ्यांचा धोका बराच उतरतो. तोवर मास्क लावा, आणि बंद खोलीत कुणाला सोबत झोपवू नका. घरी कोण कोण आहे, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एकटीच आहे.

म्हणजे — मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

चौकशीला आरोग्य खात्याची बाई घरी येणार होती. मी पत्ता भोकरचा दिला, माहेरचा. त्या घराला आता कुलूप असतं. गोळ्यांनी लघवी लालसर होईल, घाबरू नका, असंही सांगितलं होतं. संडास आम्हा सगळ्यांचा एकच. एखादीनं पाहिलं तर? एकीला कळलं की आठवड्यात खानावळ रिकामी. गोळ्यांची पिशवी मी तांदळाच्या डब्यामागे सरकवली. परीक्षा होऊ दे, मुली गावी जाऊ देत, मग बघू.

आणि अश्विनी? तिला दुसऱ्या खोलीत झोप म्हणायला काय कारण सांगणार होते? काहीही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. थंडीमुळे ती खिडकी घट्ट लावून घ्यायची. मला उबळ आली की उठून पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. मी तोंड भिंतीकडे करायचे — एवढंच.

दोन महिने असे गेले. मग थुंकीत रक्त दिसलं आणि मी घाबरून गोळ्या सुरू केल्या. स्वतःसाठी.

होळीच्या सुमारास अश्विनी खोकायला लागली. मी तिला हळदीचं दूध दिलं. मैत्रिणी म्हणाल्या, हिला दवाखान्यात नेऊ. मी म्हटलं, हवा बदलली आहे, बसेल खोकला. तीन आठवडे मी हेच म्हणत राहिले. तिला लागण माझा टीबी कळायच्या आधीच झाली असेल का? असेलही. पण हे तीन आठवडे?

शेवटी आई येऊन तिला घेऊन गेली. चार दिवसांनी आईचा फोन आला. टीबीच होता.

"ताई, डॉक्टर इचारून राहिले, पोरीजवळ कुणी खोकणारं व्हतं का. तुमच्याकडं हाय का कुणी?"

"न्हाई ओ. इथं कुणी खोकत नाही."

ती म्हणाली, "मग आमच्या नणंदेकडूनच आलं असंल."

ही नणंद म्हणजे अश्विनीची शांताआत्या. विधवा, माहेरीच राहिलेली, जन्मभर चुलीच्या धुरात खोकत आलेली. अश्विनीला तिनंच वाढवलं होतं. तपासणीत तिला काहीही निघालं नाही. पण घरच्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तिला शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. ताट लांबूनच सरकवायचे. अश्विनीनं फोनवर रडत सांगितलं, "काकू, आत्या म्हणती, माझ्यापायी लेकराची परीक्षा बुडाली."

तेव्हा माझं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "तू गोळ्या चुकवू नको."

मे महिन्यात आत्या त्याच शेडमध्ये वारली. ऊन लागलं, म्हणाले. जवळ कुणी नव्हतं. दुपारचं ताट घेऊन गेले तेव्हा कळलं.

तेराव्याला मी गेले. न जाणं बरं दिसलं नसतं. माझी तब्येत तोवर चांगली सुधारली होती. अश्विनीच्या आईनं हात धरून मला बायकांच्या पंगतीत पुढं बसवलं. "ह्या लातूरच्या ताई. लेकीवानी सांभाळलं ह्यांनी अश्विनीला." बायका माझ्याकडे मायेनं बघत होत्या. अश्विनी वाढत होती, हाडं वर आलेली. तिनं आग्रह करून मला आणखी एक पोळी वाढली.

मी जेवले. पानात काही टाकलं नाही.